पणजोबांचं मेडल आणि 114 मराठाज

आमच्याकडे घरात एकच स्टोरी चालत आलेली की पणजोबा पहिल्या महायुद्धात "बसऱ्याक" (म्हणजे इराकमधल्या बसऱ्याला) होते आणि तिथे तुर्कांनी वेढा घातला तेव्हा "घोड्याचा मटान खावचा लागला तेंका". आजी हे अगदी ठासून सांगायची, तिचे सासरेच ते, त्यामुळे कोण वाद घालणार. घोड्याचं मटण म्हटलं की ते कूटच, बसऱ्याच्या वरच्या बाजूला टायग्रिस नदीवरचं गाव. 1915 च्या डिसेंबरपासून 29 एप्रिल 1916 पर्यंत ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन कूटमध्ये अडकली होती, शेवटी शरण गेली, आणि त्यात आपल्या तीन मराठा पलटणी होत्या, 103, 110 आणि 117.

आता प्रॉब्लेम असा की पुरावा म्हणून घरात उरलंय फक्त एक व्हिक्टरी मेडल. मेडल्स दोन मिळायची, पण ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असल्यामुळे ते कधीच सोनाराकडे वितळून कोणाचे तरी पैंजण झाले, व्हिक्टरी मेडल पितळेसारखं दिसतं म्हणून वाचलं. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आत्याने दर दसऱ्याला चिंच लावून घासघासून ती अक्षरं जवळजवळ सपाट केली होती (कृपया असं करू नका), पण मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला आणि मेडल हळूहळू फिरवलं तेव्हा नावाच्या पुढे दिसलं, 114 मराठाज.

114. म्हणजे कूटमध्ये नसलेली पलटण!

मग मी रीतसर मागे लागलो. सगळे सांगतात लंडनला विचारा, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे रेकॉर्ड्स आहेत, ते आहेतच, पण तिथे सर्व्हिस रेकॉर्ड मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे. साध्या शिपायाचे कागद त्याच्या रेजिमेंटकडे राहायचे, म्हणजे आपल्यासाठी बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. आणि तिथे नुसतं नाव सांगून काही होत नाही कारण एका पलटणीत एकाच नावाचे चार-पाच जण सहज असायचे, आणि नुसता नंबरही उपयोगाचा नाही, कारण तेव्हा नंबर प्रत्येक पलटणीचे वेगळे होते. नंबर आणि पलटण दोन्ही पाहिजे.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट मला ही वाटली की जो मेला तो सापडतो आणि जो जिवंत घरी आला तो सापडत नाही. मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) वेबसाइट आहे, फुकट, तिथे पलटण टाकली की आपल्याकडचेच लोक निघतात, अमक्याचा मुलगा, गाव मालवण, रत्नागिरी, बॉम्बे. (सिंधुदुर्ग शोधू नका, तो जिल्हा 1981 चा, सगळं रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात मिळेल, आणि स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.) तरी गंमत बघा, बसरा मेमोरियलवर 40 हजारांच्या वर लोकांची स्मृती आहे पण भारतीय शिपायांची नावंच कोरली नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा, नावं वेगळ्या रजिस्टरमध्ये. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच या भेदभावाबद्दल माफी मागितली. ते मेमोरियलही 1997 मध्ये सद्दामने उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं.

पणजोबा परत आले, पेन्शन खाल्ली, म्हातारे होऊन गेले, त्यामुळे या यादीत नाहीत. राहिल्या वॉर डायऱ्या, त्या लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, डब्ल्यूओ 95 या सीरीजमध्ये. पलटण रोज कुठे होती, किती चालली, पाऊस पडला का, सगळं असतं. फक्त नावं गोऱ्या ऑफिसरांची. आपली माणसं म्हणजे "आय.ओ.आर.", इंडियन अदर रँक्स, इतके मेले, इतके जखमी. आपला माणूस त्या आकड्यात कुठेतरी आहे असं समजून वाचायचं.

114 ची खरी लढाई शेवटी झाली, ऑक्टोबर 1918 च्या अगदी अखेरीस उत्तर इराकमधल्या शरकतला, तिकडे तुर्कस्तानशी शस्त्रसंधी होत होती आणि इकडे हे लोक टेकड्यांवर गोळ्या खात होते. शरकत हा त्यांचा बॅटल ऑनर आहे, म्हणजे पलटणीला मानाने मिरवायला मिळालेलं लढाईचं नाव. आमच्या घरात हे नाव कोणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं! बसरा, कूट सगळ्यांना पाठ.

मग आजी खोटं बोलली का? मला तरी तसं वाटत नाही. तेव्हा 114, 116 आणि 117 या एकमेकींशी जोडलेल्या पलटणी होत्या, एकीत माणसं कमी पडली की दुसरीतून ड्राफ्ट, म्हणजे माणसांची तुकडी, जायचा. 117 कूटमध्ये होती. म्हणजे भरती 114 ची आणि घोड्याचं मटण 117 बरोबर, हे शक्य आहे. पण मग शरण गेल्यावरची तुर्कांची कैद, सीरियातल्या रास अल-ऐनच्या रेल्वेवर मजुरी, हे सगळं आलं असतं, आणि कैदेबद्दल आजी कधी एक शब्द बोलली नाही. दुसरी शक्यता, परतीच्या बोटीवर 117 च्या कोणाकडून ऐकलेली गोष्ट गावात येईपर्यंत स्वतःची झाली. आमच्याकडच्या माणसांचा स्वभाव बघता मी हिच्यावर पैसे लावीन.

रेडक्रॉसच्या जिनिव्हाच्या युद्धकैद्यांच्या याद्या ऑनलाइन आहेत, त्या आता स्पेलिंग बदलून बदलून चाळतोय. पेन्शनची पण एक वाट आहे, ट्रेझरीतून मिळायची म्हणजे कुठेतरी नोंद असणार. कोणाच्या घरी 114 किंवा 117 चं मेडल, पेन्शन बुक, डिस्चार्जचा कागद काहीही असेल तर कडेचा फोटो काढून कमेंटमध्ये टाका, मालवण, देवगड, कणकवलीकडचे असाल तर जास्तच बरं.