चर्च मातीचं, तेही ठोकून घट्ट केलेल्या

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधलं स्टेटबर्ग म्हणजे जेमतेम गाव. तिथल्या एपिस्कोपल (म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या ख्रिस्ती) मंडळीची स्थापना १७८८ची. आजचं होली क्रॉस चर्च मात्र १८५० ते १८५२ या काळात उभं राहिलं. आराखडा एडवर्ड जोन्स यांचा, गॉथिक धाटणीचा. भिंती चक्क मातीच्या! हा आग्रह तिथले जमीनदार डॉ. विल्यम वॉलेस अँडरसन यांचा. समोरच्या आपल्या वाड्यात त्यांनी १८२१मध्येच हे तंत्र वापरलं होतं. अर्थात, तिथली सगळी शेतीवाडी गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

तंत्र असं: लाकडी फळ्यांच्या साच्यात चार-पाच इंच ओलसर माती टाकायची, धुमसाने ठोकायची, मग पुढचा थर. मातीचा गोळा मुठीत वळला पाहिजे, पण कमरेइतक्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर पाणी जास्त. अशी भिंत वाळताना तडकते. खरा शत्रू पाणीच, म्हणून पाया पक्का हवा आणि बाहेरून गिलावा. या चर्चमध्ये पुढे वाळवीने छताचं लाकूड पोखरलं, भिंती टिकल्या.

आवारात अमेरिकी मुत्सद्दी जोएल पॉइनसेट यांची कबर आहे. नाताळात आपल्या नर्सऱ्यांत दिसणारा लाल पॉइनसेटिया त्यांच्याच नावाचा.