दिल्लीची लाइन

गुरुवार, १२ ऑक्टोबर २०१७. रात्रीचे आठ वाजायला दोन मिनिटं होती. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात त्याच्या तोंडाशी मी उभी होते. उजव्या कानाला मोबाइल, डाव्या हातात वॉकीटॉकी. मोबाइलच्या पलीकडे दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, आणि तिथे आपली मुलं घानासमोर उतरत होती. भारताने आजवर फुटबॉलच्या कुठल्याच फिफा विश्वचषकात पाय ठेवला नव्हता. १७ वर्षांखालच्या या पोरांनी पहिल्यांदा ठेवला होता, आणि गटातला हा त्यांचा शेवटचा सामना. माझ्यासमोर मात्र अमेरिका आणि कोलंबिया रांगेत उभे होते.

‘‘आमचे तयार,’’ मी म्हणाले.

‘‘आमचे पण. धर लाइन,’’ पलीकडून आवाज आला. दिल्लीचा माझा सहकारी मूळचा नागपूरचा, त्यामुळे आमचं सगळं मराठीत चालायचं.

दोन्हीकडच्या शिट्ट्या एकाच वेळी वाजायला हव्या होत्या. एका ठिकाणी उशीर झाला तर दुसऱ्या ठिकाणी थांबायचं. शिट्टी पंच वाजवतो, निर्णय सामन्याचे अधिकारी घेतात. मी फक्त मधली तार होते. तरीही त्या दोन मिनिटांत माझे तळहात घामाने भिजले होते.

हा नियम कुठून आला ते आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात सांगितलं होतं. १९८२च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. त्या गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच उरकला होता. त्यामुळे जर्मनी एका गोलने जिंकली तर आपण दोघेही पुढे जातो आणि अल्जीरिया घरी जाते, हे दोन्ही संघांना उतरण्याआधीच ठाऊक होतं. सुरुवातीला एक गोल झाला आणि मग उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होऊ लागले. अल्जीरियाच्या त्या खेळाडूंचं काय झालं असेल, हा विचार त्या प्रशिक्षणानंतर माझ्या मनातून कधी गेला नाही. मोठ्या माणसांवर झालेला अन्याय निदान ती माणसं बोलून दाखवतात. सतरा वर्षांच्या मुलावर झाला तर तो कुणाला सांगणार?

नियम सरळ आहे, पण तो पाळायला एका गटाला दोन स्टेडियम लागतात. ‘अ’ गट दिल्लीचा: भारत, अमेरिका, कोलंबिया, घाना. ‘ब’ गट आमचा: पॅराग्वे, माली, तुर्कस्तान, न्यूझीलंड. पहिले दोन सामने ज्याचे त्याने आपापल्या शहरात खेळायचे आणि तिसऱ्याला अदलाबदल करायची. म्हणजे ९ तारखेचे सामने संपले की माली आणि न्यूझीलंड मुंबईहून दिल्लीला, अमेरिका आणि कोलंबिया दिल्लीहून मुंबईला, आणि १२ तारखेच्या आत सगळे सरावाला उभे. प्रत्येक संघात २१ खेळाडू, शिवाय प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ, किट सांभाळणारे. आणि सामान. लोकांना संघ म्हणजे बसमधून उतरणारी मुलं दिसतात. मला संघ म्हणजे पत्र्याच्या पेट्या, बुटांच्या गोण्या, मालिशची टेबलं, बर्फाच्या पेट्या आणि जाळीतले चेंडू दिसतात. विमानतळावरून निघालेला टेम्पो मानखुर्दला अडकला की सरावाच्या मैदानावर तीसेक माणसं हात बांधून उभी राहतात.

संघांच्या प्रवासाचं टेबल माझं होतं. प्रत्येक खेळाडूच्या पासपोर्टच्या तपशिलांची यादी माझ्याकडे असायची आणि जन्मतारीख १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरची. माझं लग्न त्याच वर्षी झालं. यादीवरून बोट फिरवताना रोज वाटायचं, आपला संसार जेवढा जुना तेवढीच ही मुलं, आणि कुठून कुठे येऊन पोहोचली आहेत.

सामानाच्या एका टेम्पोवर कोल्हापूरचे मामा होते. पन्नाशीचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं होतं.

‘‘मॅडम, आमच्या कोल्हापूरचं पोरगं हाय भारताच्या टीममध्ये. अनिकेत जाधव. म्हायती हाय न्हवं?’’

माहीत होतं. मुंबईत फुटबॉल म्हटलं की कुपरेज आठवतं, पण कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आणि शाहू स्टेडियम यांच्याशिवाय पावसाळ्यानंतरचे महिने सरत नाहीत. मामांचं तरुणपण पाटाकडील तालमीच्या सामन्यांत गेलेलं. इतर ड्रायव्हर पेट्या मोजून सही करायचे. मामा प्रत्येक पेटीचा पट्टा ओढून बघायचे. ‘‘ह्यात पोरांचे बूट असत्यात,’’ म्हणायचे.

१२ तारखेला पाच वाजताचा सामना बिनघोर गेला. पॅराग्वेने तुर्कस्तानला ३-१ने हरवलं. त्याच वेळी दिल्लीत मालीने न्यूझीलंडला त्याच फरकाने हरवलं. पॅराग्वे गटात पहिला, म्हणजे दिल्लीला जाणार; त्यांचं सामान साडेसातच्या आत चढलं. तुर्कस्तानची मुलं घरी जाणार होती. त्यांच्या बसमध्ये एरवी गाणी चालायची, त्या संध्याकाळी बस गप्प होती. त्यांच्या जेवणाचे डबे स्वतः मोजून दिले. आणखी काय करणार?

आणि मग आठचा सामना.

आठला शिट्टी झाली, दिल्लीतही झाली. आमच्या इथे कोलंबियाने पहिला गोल केला, अमेरिकेने बरोबरी साधली. गॅलरीत हजारो माणसं समोरचा सामना बघत होती आणि शेजारच्याच्या मोबाइलवर भारताचा. मध्येच एखाद्या कोपऱ्यातून ‘‘इंडिया, इंडिया’’ उठायचं आणि मैदानावरच्या अमेरिकन मुलांना कळायचं नाही की हा जल्लोष कशाचा. हाफ टाइमच्या तोंडावर माझा फोन वाजला. पलीकडे काही क्षण नुसता गोंगाट, मग तोही बसलेला.

‘‘गेला,’’ सहकारी म्हणाला. घानाचा पहिला गोल.

मी ‘‘बरं’’ म्हणाले आणि वहीत लिहिलं. तीन दिवसांपूर्वी कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडर मारून विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला तेव्हा आम्ही सगळे कंट्रोल रूममध्ये उड्या मारल्या होत्या. आता मात्र भारताचे गोल, घानाचे गोल, सगळं माझ्यासाठी बेरीज-वजाबाकीत जाऊन बसलं होतं, आणि त्याचं वाईट वाटायलाही वेळ नव्हता. कारण या आकड्यांवर कोण कुठे झोपणार हे ठरायचं होतं.

गटात जो पहिला येईल त्याची पुढची लढत नेरुळलाच, १८ तारखेला. दुसरा दिल्लीला, १६ तारखेला. तिसऱ्याचं सगळं अधांतरी: सहा गटांतले चार उत्तम तिसरे पुढे जातात आणि कोणते चार, याच्या १५ शक्यता होतात. १४ तारखेला शेवटचे गट संपेपर्यंत तिसऱ्याला प्रतिस्पर्धी कोण ते कळत नाही. म्हणून स्टेडियमच्या मागच्या बाजूला एक टेम्पो रिकामा उभा करून ठेवलेला. दुसरा येणारा संघ आमच्याकडचा असेल, तर त्याचं जड सामान रात्रीच विमानतळावर पोहोचवायचं. टेम्पोवर मामाच.

हाफ टाइमनंतर थोड्याच वेळात घानाचा दुसरा गोल. पुढे आमच्याकडे कोलंबियाचा दुसरा. ऐंशी मिनिटं झाली तेव्हा वहीत चित्र असं होतं: अमेरिका, घाना, कोलंबिया, तिघांचेही ६ गुण होत होते. गुण सारखे असले की गोलफरक बघायचा, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा: अमेरिकेचा ३, घानाचा २, कोलंबियाचा १. म्हणजे अमेरिका पहिली, मुंबईतच राहणार. घाना दुसरा, तो दिल्लीतच आहे, दिल्लीतच खेळणार. कोलंबिया तिसरा, वाट बघणार. त्या रात्री कुणालाच हलायचं नव्हतं.

तेव्हा माझ्या हातून चूक झाली. चार दिवसांत झोप धड झाली नव्हती आणि कुठली तरी एक गोष्ट संपवून टाकावी असं वाटत होतं. मी हॉटेलच्या माणसाला फोन करून सांगितलं की अमेरिकेच्या खोल्या १८ तारखेपर्यंत पक्क्या. आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, ‘‘मागचा टेम्पो सोडा, आज लागणार नाही.’’

सामना संपायला चार-पाच मिनिटं उरली होती. समोर कोलंबियाच्या मुलांनी एकदम हात वर केले: तिसरा गोल. मी वही उघडतेय तोच दिल्लीचा फोन. ‘‘तीन झाले.’’ आणि मी काही बोलायच्या आत, ‘‘थांब, थांब... चार. चार झाले गं.’’ त्याचा आवाज चिरकला. आपली मुलं ४-०ने मागे पडली होती.

मी बोगद्याच्या भिंतीला टेकून आकडे मांडले. हात थरथरत होता, म्हणून दोनदा मांडले. घाना, फरक ४, पहिला. कोलंबिया, फरक २. अमेरिका, फरक २. दोघांनी केलेले गोलही तेवढेच, ५ आणि ५. मग आपसातला निकाल बघायचा, आणि तो समोर ३-१ असा झळकत होता. पाच मिनिटांपूर्वी गटात पहिली असलेली अमेरिका तिसरी झाली होती. तिसरा असलेला कोलंबिया दुसरा. आणि दिल्लीत राहणारा घाना माझ्याकडे येणार होता.

‘‘घाना तुझ्याकडे,’’ सहकारी म्हणाला. एवढंच. दोघंही गप्प बसलो. लाइन चालूच होती.

टेम्पो! मी वॉकीटॉकीवर ओरडले. उत्तर नाही. तो एव्हाना वाशीच्या पुलावर गेला असेल, तर परत फिरून यायला तास-दीड तास, मग सामान चढवणं, मग विमानतळ. कोलंबियाची मुलं सकाळी दिल्लीत उतरतील आणि त्यांचे बूट मुंबईत. अंतिम शिट्टी वाजत असताना मी मागच्या फाटकाकडे धावत होते.

टेम्पो जागेवर होता. मामा केबिनच्या पायरीवर बसून छोट्या मोबाइलवर भारताचा सामना बघत होते. डोळे लाल झालेले.

‘‘मामा, तुम्हाला निरोप मिळाला नाही का? जायला सांगितलं होतं.’’

‘‘मिळाला की. पन म्हटलं, शिट्टी न्हाई वाजली अजून.’’ त्यांनी मोबाइल खिशात घातला. ‘‘शाहू स्टेडियमला शेवटच्या मिन्टाला किती मॅची फिरल्याल्या बघितल्यात मी, मॅडम. कुणाचं सामान भरायचं?’’

मी ‘‘कोलंबिया’’ म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले. त्यांनी पाण्याची बाटली दिली.

त्या रात्रीबद्दल मी पुढे खूप विचार केला. आयोजन म्हणजे ठरलेल्या गोष्टी वेळेवर करणं असं मला वाटायचं. न ठरलेल्या गोष्टींसाठी जागा रिकामी ठेवणं, आणि ती जागा घाईने भरून न टाकणं, हे माझ्या वाट्याचं खरं काम होतं. ते त्या रात्री मामांनी केलं, मी नाही. याच स्पर्धेत पुढे गुवाहाटीचं मैदान पावसाने खराब झालं आणि ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना दोन दिवस आधी कोलकात्याला हलवावा लागला. तिथल्या माझ्यासारख्याच माणसांनी दोन रात्री काय केलं असेल, ते मला न सांगता कळलं. प्रेक्षकांना फक्त दिसलं की २५ तारखेला सामना झाला.

हॉटेलला मी स्वतः फोन करून चूक कबूल केली. खोल्यांचं निभावलं. पण अमेरिकेच्या बसजवळ गेले तेव्हा एक मुलगा खिडकीशी डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. त्याने काच सरकवली आणि इंग्रजीत विचारलं, ‘‘आता आम्ही कुठे जायचं?’’ मला सांगता येईना. दोन दिवसांनी कळेल, असं म्हणाले. त्याने मान डोलावली आणि काच हळूच लावून घेतली. जोरात लावली असती तरी चाललं असतं मला.

घरी परळला पोहोचले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. नवरा जागा होता. ‘‘इंडियाची मॅच बघितलीस?’’ त्याने विचारलं. मी ‘‘ऐकली’’ म्हणाले.

घानाचा संघ आमच्याकडे आला त्या दिवशी विमानतळावर टेम्पो मामांचाच होता. उंच, हसरी मुलं बाहेर आली. त्यांच्यातला एक जण ट्रॉलीवर ताल धरत होता. मामा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

‘‘चार गोल मारल्याली पोरं हीच व्हय?’’

‘‘हीच.’’

‘‘पाय बघा की त्यांचे. हरणागत हाईत.’’

मग त्यांनी पेट्या मोजायला घेतल्या. पट्टा ओढून बघत एकेक वर चढवली. एका पेटीचं कुलूप ढिलं होतं. त्यांनी केबिनमधून सुतळी आणली, दोन वेढे घातले, गाठ दातांनी आवळली आणि माझ्याकडे सहीला कागद मागितला.