एचओ लेआउट: मागच्या वळणावर मंदावणारी गाडी

माझ्या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (मांडलेल्या रुळांवर) मागच्या वळणावर गाडी रेंगाळते आणि स्टेशनाजवळ आली की आपोआप वेग धरते, कंट्रोलरला हातही लावलेला नसताना. लेआउट साध्या १२ व्होल्ट डीसीवर आहे, म्हणजे रुळांवर व्होल्टेज कमी पडलं की वेग घटणारच.

आधी एवढंच पाहिलं की गाडी ठरावीक जागी मंदावते की काही वेळ चालल्यावर. जागा ठरलेली असेल तर दोष रुळांत किंवा वायरिंगमध्ये. गार असताना नीट धावून नंतर ढेपाळत असेल तर इंजिनात. इथे दोन्ही निघालं.

रिकाम्या रुळांना मल्टीमीटर लावून काही कळत नाही. करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज पडणार कसं? म्हणून मागच्या वळणावर दोन रुळांमध्ये १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब जोडला. पूर्ण व्होल्टेजला तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो, जवळपास एका इंजिनाइतका. आता फरक उघड झाला: फीडरपाशी (रुळांना वीज पोचवणाऱ्या तारेपाशी) ९ व्होल्ट, वळणावर जेमतेम ७. मग बल्ब पेटता ठेवून एकेका सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोकं टेकवत गेलो. एक सैल, काळपट जॉइनर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) एकटाच जवळजवळ एक व्होल्ट गिळत होता. हा शोध फार समाधान देतो, प्रत्येकाने करून पाहावा!

जॉइनर बदलला, तरी त्याच्यावर भिस्त ठेवलेली नाही. वळणाच्या दोन्ही टोकांना नवे फीडर डाग देऊन जोडले आणि खालून जाड बस वायर (फीडरना वीज देणारी मुख्य तार) नेली. वळणातले सांधेही डाग देऊन पक्के केले. सरळ भागातले मोकळेच ठेवले, कारण उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात.

इंजिनाचं दुखणं वेगळं. मोटर तापली की तांब्याच्या वेटोळ्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, पण तेवढ्याने गाडी इतकी मरगळत नाही. उघडल्यावर गिअरमध्ये घट्ट झालेलं जुनं ग्रीस आणि आसाला गुंडाळलेला धागा सापडला. सगळं पुसून प्लास्टिकला चालणाऱ्या तेलाचा बारीक थेंब दिला. जास्त तेल चाकांवर उतरतं आणि रुळांवर काळा थर धरतो. आता त्याच वेगाला इंजिन आधीपेक्षा कमी करंट घेतं.

चढावरची मालगाडी अजून बाकी आहे. तिथे चाकं फिरतात पण गाडी सरकत नाही, म्हणजे व्होल्टेज ठीक आहे, पकड कमी पडते. चाकांवरचे रबरी टायर आता तपासणार आहे.