ठाण्याहून वाशीला, जॅझ आणि सिंथ ऐकायला

लुई बँक्स यांचा पियानो ऐकण्यासाठी ठाण्याहून नरिमन पॉइंट गाठायचे आणि शेवटचा सोलो अर्धवट सोडून लोकलसाठी धावायचे, ही माझी कित्येक वर्षांची सवय आहे. त्यामुळे वाशीतल्या एका छोट्या सभागृहात आधी जॅझ आणि मग इलेक्ट्रॉनिक असा जोड कार्यक्रम असल्याचे भाचीने कळवताच मी दोन तिकिटे काढून टाकली.

ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकल गाड्या ठाण्याच्या नऊ आणि दहा क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी गर्दीच्या वेळी पुलावरच्या चालीसाठी दहा मिनिटे वेगळी धरावीत. आम्ही ती धरली नव्हती, म्हणून फलाटावर उभी असलेली गाडी पाहून सरळ आत शिरलो. ती पनवेलची होती. तुर्भ्यानंतर मार्ग फुटतो. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, तर नेरूळ-पनवेलची गाडी थेट जुईनगरला जाते. "मामा, इंडिकेटरवर पनवेल लिहिलं होतं की," असे भाची म्हणाली ते कोपरखैरणे गेल्यावर. अशी चूक झालीच तर तुर्भ्याला उतरून मागची वाशी गाडी घ्यावी, पुढे जाऊन वाढीव फेरा मारू नये. त्यात आमची वीस मिनिटे गेली, तरी पहिली रचना जेमतेम सापडली.

सभागृहात आसनांना क्रमांक नव्हते. उरलेल्या जागांपैकी पुढच्या रांगेतली कोपऱ्यातली जागा मी हौसेने पकडली, आणि डबल बासचा प्रत्येक स्वर फुगून एकमेकांत मिसळलेला ऐकू येऊ लागला, कारण खर्जातला आवाज भिंतींपाशी आणि विशेषतः कोपऱ्यात साचतो. दुसऱ्या रचनेनंतर आम्ही उठून ध्वनिसंयोजकाच्या मेजाच्या किंचित पुढे, मधोमध जाऊन बसलो. तो माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येते त्यावरूनच सगळ्यांचे आवाज जुळवत असतो, तेव्हा त्याच्या जवळची जागा ही बहुतेक वेळा सभागृहातली सर्वोत्तम जागा असते. तिथून बासच्या तारेवर बोट घासल्याचा आवाजदेखील वेगळा कळत होता.

जॅझसाठी चौघे होते: सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम. जॅझच्या रचनेत आधी मूळ धून वाजते, मग त्याच स्वरसंगतींच्या आवर्तनांवर एकेक वादक आपला विस्तार करतो आणि शेवटी सगळे धुनेवर परततात. मुखड्याची वाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हे परके वाटत नाही. सॅक्सोफोन आणि ड्रम यांनी चार-चार बारचे (एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा) खंड आळीपाळीने वाजवायला घेतले तेव्हा तो सरळसरळ सवाल-जवाब होता, आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सवयीने "क्या बात है" म्हणून टाकले. सोलो संपताच, रचना चालू असतानाही टाळ्या वाजवण्याची जॅझमध्ये रीतच आहे, त्यामुळे दाद द्यायला संकोचू नये. बासच्या सोलोत मात्र कुजबुजूसुद्धा नये. त्या वेळी ड्रमवादक काठ्या ठेवून तारांचे ब्रश स्नेअर या ड्रमवर गोल फिरवत होता. तो आवाज सुपात तांदूळ फिरवल्यासारखा होता, आणि मागच्या रांगेत कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडली तेव्हा तो पुरता बुडाला.

मध्यंतरानंतर एक तरुणी लॅपटॉपविना, केवळ मॉड्युलर सिंथ (सुटे भाग केबलने जोडून आवाज घडवणारे यंत्र) आणि ठेका वाजवणारे ड्रम मशीन घेऊन आली. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे आधी भरून ठेवलेले वाजवणे, असे मानणाऱ्यांनी अशी एक बैठक समोर बसून पाहावी. मशीनवरचे सोळा दिवे ओळीने पेटत होते, त्रितालाच्या मात्रांसारखे, आणि ती एकेक केबल उपटून दुसऱ्या छिद्रात घालत होती. एकदा केबल चुकली. खर्ज एकदम गळाला, नुसता ठेका उरला, आणि तिने घाईने तो दुरुस्त न करता त्या रिकाम्या जागेतच पुढची चाल उभी केली. जॅझवाले करतात ते याहून वेगळे नसते.

या यंत्रांशी आपले नाते जुने आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंडच्या टीबी-303 (खर्जाचे सिंथ) आणि टीआर-808 (ड्रम मशीन) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. शिकागोतले अ‍ॅसिड हाऊस हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत त्याच टीबी-303च्या आवाजावर उभे राहिले ते त्यानंतर काही वर्षांनी. जॅझ आणि सिंथ यांच्या संगमाचे माझे सर्वांत आवडते ध्वनिमुद्रण मात्र 2021 चे आहे. त्यात फ्लोटिंग पॉइंट्स हे नाव घेणारे सॅम शेफर्ड आणि सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स हे लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह एकच छोटी स्वरावली सुमारे पाऊण तास फिरवत राहतात. सँडर्स 2022 मध्ये गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकायचे माझे राहूनच गेले.

इअरप्लग अवश्य न्यावेत, विशेषतः उत्तरार्धासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, पण छोट्या सभागृहात ती पाळली जाईल याचा भरवसा धरू नये. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. ते वरचे स्वर खातात आणि खर्ज तसाच आत सोडतात.

जेवण आधीच उरकावे, कारण मध्यंतर दहा मिनिटांचे आणि चहाची रांग त्याहून लांब होती. परतीची शेवटची ठाणे गाडी एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर निघतानाच पाहून ठेवावी. ती चुकल्यास ठाणे-बेलापूर रस्त्याने रिक्षा करावी लागते आणि मध्यरात्रीनंतर भाडे सव्वापट होते. आम्ही ते पैसे खिशात वेगळे ठेवले होते, म्हणूनच या वेळी शेवटचा तुकडा पूर्ण ऐकून, केबली गुंडाळल्या जाईपर्यंत थांबून मगच निघालो.