मंडपाचा पहारा, दोन फोन आणि एक प्लग: स्टोरेज लेयर, आठवडा ११

मागच्या वेळी मी छाती फुगवून लिहिलं होतं की माझं डेटा साठवणारं इंजिन आता क्रॅशला दाद देत नाही. ते वाक्य मागे घेतो.

नव्यांसाठी थोडक्यात: लालबागजवळच्या आमच्या मंडळासाठी वर्गणीच्या पावत्या आणि रात्रीच्या पहाऱ्याची यादी सांभाळणारी छोटी सर्व्हिस आहे, गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली. खरा कारभार यंदाही एसक्यूलाइट या तयार डेटाबेसवरच चालणार, आणि खजिनदारकाका कार्बनचं पावतीपुस्तक काखेत ठेवणार ते वेगळंच. स्वतःचा स्टोरेज लेयर, म्हणजे डेटा साठवणारा थर, ही निव्वळ माझी हौस. राइट-अहेड लॉग (प्रत्येक बदल आधी जिच्यात लिहिला जातो ती फाइल), मेमरीत प्रत्येक कीच्या (नोंदीच्या नावाच्या) जुन्या-नव्या आवृत्त्या आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शनला (पूर्ण होणारं किंवा पूर्ण रद्द होणारं एक काम) आपापला स्नॅपशॉट, म्हणजे सुरुवातीच्या क्षणाचं डेटाचं चित्र, एवढाच पसारा.

आधी प्लग. गेले दोन महिने मी किल -९ ने प्रोसेस मारत होतो आणि एकही पावती हरवत नव्हती. हरवणार कशी? प्रोसेस मेली तरी तिने लिहिलेलं कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, शाबूत असतं, कर्नल ते सवडीने डिस्कवर उतरवतो. मी एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवायला लावणारी आज्ञा) एकदाही केला नसता तरी ही चाचणी पास झाली असती! हे कळायला मला दोन महिने लागले.

म्हणून माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, त्याची बॅटरी बाजूला केली आणि तो स्वयंपाकघरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावला. पावत्या टाकणारा क्लायंट दुसऱ्या मशीनवर. ज्या पावतीला 'झालं' असं उत्तर आलं तिचा क्रमांक तो स्वतःच्या फाइलीत टिपतो. ही टिपण दुसरीकडेच हवी, नाहीतर चोराबरोबर साक्षीदारही पळतो. मग बोर्डाचं बटण बंद. त्याच बोर्डावर मिक्सर होता, आईची चटणी अर्धी राहिली, त्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

पहिल्या तीन वेळा सगळं ठीक. लॉगची शेवटची नोंद अर्धवट लिहिलेली सापडली, पण प्रत्येक नोंदीआधी लांबी आणि सीआरसी३२ (नोंद शाबूत आहे का ते सांगणारा पडताळणीचा आकडा) असते, तो जुळला नाही की रिकव्हरी तिथून पुढचं कापून टाकते. त्या नोंदीला 'झालं' म्हटलेलंच नव्हतं, तेव्हा तक्रार नाही. चौथ्या वेळी मात्र सात पावत्या गायब, आणि सातही 'झालं' म्हणून कळवलेल्या.

दोष ग्रुप कमिटमध्ये, म्हणजे अनेक पावत्या एकदम पक्क्या (कमिट) करण्यात होता. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. दर पावतीला वेगळा एफसिंक करायचा तर सेकंदाला नव्वदच्या वर जायची आशाच नको, माझ्याकडे तर तीस-पस्तीसच होत होते. म्हणून जमलेल्या सगळ्यांसाठी मिळून एकच एफसिंक. पण एक एफसिंक चालू असताना आणखी पावत्या येऊन लॉगला जोडल्या जात, आणि तो संपला की मी रांगेतल्या सगळ्यांना 'झालं' सांगत होतो. गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोचलेल्यालाही 'चढलास' म्हणण्यातला प्रकार. आता एफसिंक सुरू करण्याआधी लॉग कुठवर लिहिलाय तो आकडा टिपतो आणि तेवढ्यापुरतंच उत्तर देतो. बाकीचे पुढच्या गाडीने. त्यानंतर चाळीस वेळा बटण दाबलं (मिक्सर हलवून), सगळं जागेवर.

एफसिंकनेच एरर दिली तर पुन्हा प्रयत्न करायचा मोह होतो. तो आवरा. लिनक्सवर फसलेल्या एफसिंकनंतर न उतरलेली मेमरीतली पानं 'स्वच्छ', म्हणजे डिस्कवर उतरलेली, धरली जाऊ शकतात आणि पुढचा एफसिंक खुशाल यशस्वी होतो, डेटा मात्र कुठेच नसतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हे ध्यानात आलं आणि त्यांनी अशा वेळी सरळ पॅनिक करून, म्हणजे स्वतःला बंद पाडून, लॉगवरून पुन्हा उठायचं ठरवलं. मीही तेच केलं.

आता पहारा. मूर्ती आली की मंडपात रात्री किमान एक जण हवाच, हा मंडळाचा नियम. दोन ते पाचच्या पाळीला भाचा आणि मी. दोघांच्या फोनवर 'नाव काढा' बटण. सर्व्हिस आधी बघते की पाळीत आणखी कुणी आहे का, असेल तरच नाव काढते. वाचणं आणि कमिट यांच्यात मुद्दाम दोन सेकंदांची झोप घातली आणि एक, दोन, तीन म्हणून दोघांनी दाबलं. दोघांनाही 'नाव काढलं'. मंडपात बाप्पा एकटे.

गंमत अशी की माझ्या इंजिनने काहीच चुकीचं केलं नव्हतं. भाच्याने त्याची नोंद बदलली, मी माझी. एकाच कीवर दोघांनी लिहिलं असतं तर दुसऱ्याला परत पाठवला असता. इथे प्रत्येकाच्या स्नॅपशॉटमध्ये दुसरा हजर होता. हाच तो राइट-स्क्यू. बेरेन्सन, ग्रे वगैरेंच्या १९९५ च्या निबंधात स्नॅपशॉट आयसोलेशनची (प्रत्येकाने आपापल्या स्नॅपशॉटवरच काम करण्याच्या पद्धतीची) ही खोट मांडलेली आहे. पोस्टग्रेसच्या रिपीटेबल रीड या पातळीवरही हे घडतं. २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून तिथली सीरियलायझेबल ही सर्वांत कडक पातळी ते पकडते.

सोपा तोडगा होता: दर पाळीची एक नोंद ठेवायची आणि नाव काढणाऱ्याने तिलाही हात लावायचा, म्हणजे टक्कर आपोआप. पण मग नवा नियम आला की नवी नोंद, आणि ती लावायला मीच एक दिवस विसरणार. म्हणून कुंग आणि रॉबिन्सन या संशोधकांच्या १९८१ च्या वाटेने गेलो. ट्रान्झॅक्शनने काय काय वाचलं ते टिपायचं, कमिट एका वेळी एकाचंच तपासायचं, आणि वाचलेल्यापैकी काही मधल्या काळात कुणी बदललं असेल तर रिट्राय. नुसत्या की टिपून भागत नाही. 'या पाळीतले सगळे' असं वाचलं तर तो अख्खा पट्टा टिपावा लागतो, नाहीतर मागाहून घुसलेली नवी की दिसतच नाही. आता भाच्याचं नाव निघतं आणि मला रिट्रायनंतर नकार मिळतो. दोनदा खेळलो, दोन्ही वेळा तोच सुटला.

निव्वळ वाचणाऱ्या ट्रान्झॅक्शनना ही तपासणी नाही, त्यांचा स्नॅपशॉट कमिटच्या क्रमातलाच एक क्षण असतो. काकांचा हिशेब त्यामुळे कधी अडत नाही. पण ते पान उघडं टाकून जेवायला गेले की जुन्या आवृत्त्या साफ करता येत नाहीत, म्हणून त्यांना एका मिनिटाची मुदत घातली.

पावती क्रमांकात खाडा चालत नाही, त्यामुळे 'पुढचा क्रमांक' ही की प्रत्येक पावती ट्रान्झॅक्शन वाचते आणि वाढवते. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय) इथे उपयोगाचा नव्हता, रोलबॅक झाला, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तरी त्याने दिलेला आकडा परत येत नाही. बदल्यात सगळ्या पावत्या एका रांगेत उभ्या राहतात. दारोदार फिरणारी पाच पोरं आहेत, चालेल.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. चाळीच्या जिन्यात रेंज जाते, उत्तर पोचत नाही, पोरगा पुन्हा दाबतो आणि एकाच घराच्या दोन पावत्या होतात. फोनने दिलेला विनंती-क्रमांक पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायला सुरुवात केली आहे. तो किती दिवस ठेवायचा हे ठरत नाहीये. दहा दिवस फोन बंद ठेवून अनंत चतुर्दशीला चालू करणारा एक महाभाग आमच्याकडे आहे.