नवा सायलेन्सर आणि इंजेक्शनचे मिश्रण : चौथ्या आठवड्याची नोंद

मागच्या नोंदीत कमी अडथळ्याचा सायलेन्सर बसवून काम थांबले होते. माझ्या एक सिलिंडरच्या चार स्ट्रोक मोटरसायकलचा मूळ बेंड पाइप (इंजिनातून निघणारा एक्झॉस्ट पाइप) आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. बदल झाला तो फक्त कन्व्हर्टरनंतरच्या भागात. कन्व्हर्टरच्या आधी, मूळ ऑक्सिजन सेन्सरच्या शेजारी, मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सरही बसवला आहे, कारण मूळ सेन्सर १४.७ च्या (वजनाने एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा) आसपास मिश्रण कोणत्या बाजूला आहे, पातळ (इंधन कमी) की गडद (इंधन जास्त), एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही.

या आठवड्यातला बहुतेक वेळ एका कोड्यात गेला. संथ, एकसारख्या वेगात वाइडबँड नेमके १४.७ दाखवत होता, म्हणजे सर्व काही ठीक दिसायला हवे होते; पण स्पार्क प्लग काजळीने काळा निघाला, ईसीयूची (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची) दीर्घकालीन इंधन दुरुस्ती, म्हणजे सेन्सर पाहून तो ठरलेल्या इंधनात करत असलेला बदल, अधिक १२ टक्क्यांवर गेली होती आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येत होता. सायलेन्सर मोकळा झाला म्हणून एवढ्या कमी भारावर १२ टक्के जास्त इंधन लागावे, हे मला पटले नाही.

कारण निघाले ते इंजिनचे हेड आणि बेंड पाइप यांच्यामधले, जोड हवाबंद ठेवणारे गॅस्केट. सायलेन्सर जुळवताना पाइप हलवला गेला आणि जुने, एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा नीट बसले नाही. एक्झॉस्टच्या प्रत्येक स्पंदनामागून पाइपमध्ये क्षणभर दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा सेन्सरपर्यंत पोहोचली की ईसीयूला मिश्रण पातळ वाटते, ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि सेन्सरजवळचा आकडा १४.७ वर आला तरी सिलिंडरमधले प्रत्यक्ष मिश्रण गडदच राहते. शेजारचा वाइडबँडही तोच भेसळलेला वायू मोजत असल्याने तोही फसतो. सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरून जोडावर साबणाचे पाणी सोडले, तेव्हा बुडबुडे स्पष्ट दिसले. नवे गॅस्केट घालून दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले, ईसीयूने शिकलेली मूल्ये पुसली, आणि त्यानंतर दुरुस्ती शून्याच्या अलीकडे-पलीकडे ३ टक्क्यांच्या आत राहिली. फटफटही जवळजवळ थांबली.

त्यानंतरच खऱ्या प्रश्नाकडे वळता आले. पूर्ण थ्रॉटलला हा ईसीयू सेन्सरचे ऐकत नाही. थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम पाहून ठरलेल्या नकाशाप्रमाणे (इंधनाच्या आकड्यांच्या टेबलाप्रमाणे) इंधन देतो. सायलेन्सरमुळे सिलिंडरमधील जळका वायू अधिक चांगला बाहेर पडून ताजी हवा जास्त भरली, तरी त्या नकाशाला ते कळण्याचा मार्ग नाही. हवेचे वस्तुमान थेट मोजणाऱ्या इंजिनांत ही अडचण बरीच कमी असते. माझ्या मोजणीत ४००० आरपीएमखाली जुन्या आणि नव्या सायलेन्सरमध्ये फरक नगण्य होता. ६००० च्या वर मात्र मिश्रण १३.० वरून १३.७ वर, म्हणजे पातळ बाजूला सरकले होते. १३.७ ला १३.० ने भागले की सुमारे १.०५ येते, म्हणून त्या पट्ट्यात ५ टक्के इंधन वाढवले, तेही दोन टप्प्यांत आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजून. प्रज्वलनाच्या वेळेला हात लावलेला नाही.

आता वरच्या आरपीएमला इंजिन अधिक मोकळे खेचते, पण खालच्या पट्ट्यात मला काहीही फायदा जाणवलेला नाही आणि तसा दावा मी करणार नाही. सायलेन्सर बदलला की नकाशा लगेच बदलावा, असा सल्ला वारंवार दिला जातो. माझ्या मते सेन्सरच्या आधीचा प्रत्येक जोड हवाबंद आहे याची खात्री होईपर्यंत नकाशाला हात लावूच नये, कारण मी तेव्हा संथ वेगाचे आकडे प्रमाण मानून काम सुरू केले असते, तर चुकीच्या पायावर सगळे टेबल रचले गेले असते.

पुढच्या आठवड्यात अर्ध्या ते पाऊण थ्रॉटलचा पट्टा मोजायचा आहे. तिथे ईसीयू सेन्सरचे ऐकणे नेमके कुठे सोडतो, ते अजून नकाशावर आखायचे राहिले आहे.