साडेअकरा ते साडेतेरा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा डोळ्यासमोर पहिल्यांदा आला तो आपला पत्र्याचा हॉल. १९८३ साल, मी आठवीत होतो. खिडक्यांना सतरंज्या टांगलेल्या, दोन चादरी जोडून शिवलेला पडदा, आणि बाकावर गणिताच्या सरांनी पुण्याहून ओळखीने मागून आणलेला १६ एमएमचा प्रोजेक्टर. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर कुणी घरी गेलंच नाही, बाहेर रणरणतं ऊन आणि आत सगळी पोरं मांडी घालून घामाने निथळत बसलेली, कारण सरांनी सांगितलं होतं की हसायचा पिक्चर आहे आणि त्यात कुणी बोलत नाही.

बोलत नाही म्हणजे काय ते आम्हाला कळलंच नव्हतं. पहिली पाच मिनिटं सगळे आवाज कधी येतोय याची वाट बघत होते. प्रोजेक्टरची खरखर तेवढी चाललेली. आधी एक छोटी फिल्म होती, मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन, त्याची ‘वन वीक’, १९२० सालची. नवं लग्न झालेलं जोडपं, त्यांना घर भेट मिळतं पण सुट्या भागांत, खोक्यांवर नंबर टाकलेले, त्याप्रमाणे जोडत जायचं. त्यांच्यावर जळणारा एक माणूस येतो आणि गुपचूप नंबर बदलतो, झालं, वाकडंतिकडं घर उभं राहतं, दरवाजा भलतीकडे, वादळात घर भोवऱ्यासारखं फिरतं. शेवटी कळतं की घर बांधलंय दुसऱ्याच्याच प्लॉटवर. मग ते ओढून न्यायचं, तर रेल्वेच्या रुळांवर अडकतं, समोरून गाडी येते, आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले, गाडी शेजारच्या रुळावरून निघून गेली, हुश्श केलं, आणि तेवढ्यात उलट्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा भुगा. शिपाई मामा दाराच्या चौकटीला धरून हसत होते, त्यांना इतकं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या प्रोजेक्टरला एक छोटा खटका होता, एकीकडे १६ आणि एकीकडे २४. सरांनी एकच तुकडा दोन्ही वेगांवर दाखवला. मूकपटाच्या काळात कॅमेरा बरीच वर्षं हाताने फिरवायचे, सेकंदाला १६-१८ फ्रेम, बोलपट आल्यावर २४ पक्क्या झाल्या, आणि जुन्या फिल्म नव्या वेगाने लावल्या की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. काही वेळा गंमत यावी म्हणून मुद्दाम हळू शूट करायचे हेही खरं. पण बऱ्याच जणांना वाटतं ही माणसं तशीच चालायची, म्हणून त्यांना ते पोरकट वाटतं. बरोबर वेगात बघा, कीटनची चाल किती नेटकी आहे ते कळतं.

मग लागला कीटनचाच ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’, १९२८ चा. धिप्पाड बाप, बोटीचा कॅप्टन, कॉलेजातून येणारा मुलगा आपल्यासारखाच दांडगा असेल या आशेवर, आणि येतो तो हडकुळा, बारीक मिशीचा, हातात उकुलेले, म्हणजे छोटी गिटार, घेतलेला, तो कीटन. सर पडद्यावर मधेमधे येणाऱ्या संवादांच्या इंग्रजी पाट्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवत होते. पण पुढे बाप तुरुंगात अडकतो, पोरगा हत्यारं भरलेला भलामोठा पाव घेऊन येतो आणि चिडलेला बाप पाव नको म्हणतो, तेव्हा हा पोलिसाचं लक्ष चुकवून नुसत्या हातांच्या खुणांनी बापाला गज कापून पळायचं समजावतो, तिथे सरांनी वाचायचं सोडून दिलं. गरजच नव्हती. पाचवीतली पोरं आमच्याआधी हसत होती.

आणि मग ते वादळ. घरं कोसळतायत, कीटन भर रस्त्यात भांबावून उभा, आणि मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत सुटून त्याच्या अंगावर येते. वरच्या माळ्याची खिडकी उघडी असते, ती बरोबर त्याच्यावरून जाते, भिंत जमिनीवर आडवी आणि हा खिडकीच्या चौकटीत उभा. हॉलमध्ये आधी एकदम शांतता, मग जो काय गलका झाला! सरांनी रीळ मागे घेऊन तो सीन तीनदा दाखवला. तिसऱ्या वेळी म्हणाले, हे खोटं नाहीये, भिंत खरी आहे, माणूस खरा आहे, कट नाही. आता सोमवारी वहीत सांगा तो वाचला कसा.

सोमवारी सरांनी प्रत्येकाला पुठ्ठा आणायला सांगितला होता. खडूचा तुकडा मोडायचा, फरशीवर घासून तळ सपाट करायचा, उंची बरोबर ५ सेंमी. पुठ्ठ्याची भिंत जिथे टेकते तिथपासून १२ सेंमीवर खडू उभा करायचा. आता भिंतीला खिडकी तळापासून किती उंचीवर कापायची? आम्ही सगळ्यांनी १२ वर मध्य धरून साडेअकरा ते साडेबारा कापली, कारण खडू एक सेंमी जाड. भिंत पाडली की खडू धाडकन आडवा. सगळ्यांचे खडू आडवे. मग सरांनी फळ्यावर काटकोन काढला, १२ चा पाया, ५ ची उंची, कर्ण किती? १३. म्हणजे पाय १२ वरून जातात पण डोकं १३ वरून जातं. जाडी धरून खिडकी साडेअकरापासून साडेतेरापर्यंत हवी. पुन्हा कापली, पुठ्ठा पाडला आणि खडू उभाच! माझा खडू उभा राहिला तेव्हाचा आनंद मला दहावीच्या निकालाला पण झाला नाही.

पुढे मी सिव्हिलला गेलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका जुन्या वाड्याची भिंत पाडायची होती, ठेकेदार म्हणाला आतल्या बाजूला पडेल साहेब, काळजी नको. मापलं कुणीच नव्हतं, मीही नाही. भिंत रस्त्याच्या बाजूला आली. रस्ता त्या वेळी मोकळा होता म्हणून माणूस वाचला, एक सायकल मात्र चेपली. त्या रात्री मला झोप आली नाही, सारखा कीटनच दिसत होता. त्यानंतर मी त्या सीनबद्दल मिळेल ते वाचलं. त्याने आधी त्या भिंतीचा सांगाडा बनवला, खालच्या बिजागऱ्या पक्क्या आहेत ना बघितलं, मग सांगाडा जमिनीवर आडवा टाकला, स्वतः त्यात उभा राहिला आणि आपल्याभोवती खिडकी बांधून घेतली. दोन्ही खांद्यांशी, डोक्याशी आणि टाचांशी दोन-दोन इंच जागा सोडली. टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले. मग भिंत उभी केली. अख्खं एवढं काम पडद्यावर काही सेकंदांसाठी.

मला वाटतं हे पिक्चर शंभर वर्षं टिकले ते याच्यामुळे. त्याच काळातला दुसरा विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो, त्याचा उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी १९१९ मध्ये बॉम्ब फुटून गेलेली होती, हातमोजा घालून तो चढलाय. चॅप्लिन बोलपट आल्यावरसुद्धा १९३१ ला ‘सिटी लाइट्स’ न बोलता करतो. आणि कीटन तर हसत पण नाही, लहानपणी आई-बापाबरोबर स्टेजवर काम करताना त्याला कळलं होतं की आपण हसलो की लोक हसत नाहीत. तो आपल्याकडे हसू मागत नाही, तो आपलं काम करत असतो मन लावून.

१९२८ मध्येच त्याने स्वतःचा स्टुडिओ सोडून मोठ्या कंपनीत सही केली आणि त्याच्या हातातून सगळं गेलं, मला याचं अजून वाईट वाटतं. पुढे त्याचं जुनं घर नट जेम्स मेसनने घेतलं आणि तिथे कीटनच्या फिल्मची रीळं सापडली. म्हणून काही वाचलं तरी. आपल्याकडे फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सगळी रीळं उरली नाहीत.

गेल्या वर्षी साइटवर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर कीटनचा तो भिंतीचा सीन लावला होता. विजापूरचे गवंडी, बिहारचे सेंट्रिंगवाले, सगळे वाकून बघत होते, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हसून झाल्यावर म्हातारा गवंडी म्हणाला, “साहेब, खाली बिजागरी ठेवली असणार. नाहीतर भिंत आधी घसरते, अशी सरळ नाही पडत.” नुसतं एकदा बघून!

सर आता नाहीत. संस्थेला आणि मुख्याध्यापक मॅडमना माझी एक विनंती आहे, सुवर्णमहोत्सवाच्या शनिवारी त्याच हॉलमध्ये हा पिक्चर दाखवू या. प्रोजेक्टर आणि पडदा मी आणतो, सतरंज्या शाळेच्या. पुढच्या रांगेत आठवीचा वर्ग बसवा आणि सोमवारी त्यांना पुठ्ठा घेऊन यायला सांगा.